साडूचं पदक

नळवाल्याला ती बातमी कळली तेव्हा त्याचं अर्धं अंग एका गिऱ्हाइकाच्या ओट्याखालच्या कपाटात होतं आणि अर्धं बाहेर. घरची बाई शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिनं रेडिओचा आवाज कमी केला आणि म्हणाली, “अहो, तुमच्या साडूंचं नाव आलं बघा. सरकार पदक देणार आहे त्यांना. लढाईत लोकांचे जीव वाचवले म्हणून.”

कपाटातून पाना पाइपावर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

“कुठल्या साडूंचं?” थोड्या वेळानं त्यानं आतूनच विचारलं.

त्याला साडू एकच होता.

हा साडू शाळेची बस चालवायचा, म्हणून सगळे त्याला बसवाला म्हणत. नळवाल्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साडू हे नातंच मोठं अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. सासऱ्यानं दोघांना एकाच तराजूत घातलेलं असतं आणि तराजू दोन बहिणींच्या हातात असतो. नळवाला त्या घरात आधी आलेला जावई. सासऱ्याची न्हाणी त्यानं बांधली, गच्चीवरची टाकी त्यानं बसवली, सासूबाईंचा गळका नळ तर इतक्यांदा दुरुस्त केला की त्या नळाला त्याचा हात ओळखता यावा. त्याबद्दल त्याला चहा मिळे. मग बसवाला आला. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यानं शाळेतल्या पोरांच्या अशा नकला केल्या की सासूबाईंना हसता हसता टेबल धरावं लागलं. “घरात जरा जिवंतपणा आला बाई,” असं त्या डोळे पुसत म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं मी काय मेलेला होतो की काय, असं नळवाल्याच्या मनात आलं. पण तो बोलला नाही. न बोलणं ही त्याची सवय होती आणि आपल्याबद्दल कोणी बोलत नाही ही त्याची तक्रार.

त्यात बसवाल्याला नेलेली वस्तू परत करणं माहीत नव्हतं. नळवाल्याचे दोन चांगले पाने, एक करवत आणि एक शिडी त्याच्याकडे जी गेली ती गेलीच. मागायला जावं तर तो इतक्या प्रेमानं “दादा, बसा ना” म्हणायचा की माणूस मागायचं विसरून जेवून परत यायचा.

काही वर्षांपूर्वी लढाईच्या काळात मात्र दोघांनीही जिवाचं रान केलं होतं, हे खोटं नाही. नदीपलीकडच्या टेकडीवरून तोफा सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात शहराचं पाणी सोडणारं पंपघर उडालं. दवाखान्याचे नळ कोरडे पडले. शस्त्रक्रियेनंतर हात धुवायला डॉक्टरांना पाणी नाही, अशी गत. तेव्हा नळवाल्यानं सरबताच्या बंद कारखान्यातल्या विहिरीवरून थेट दवाखान्यापर्यंत पाइप टाकला. सगळा गटारातून. गोळा पडला की जोड निखळायचा, जोड निखळला की हा गटारातून सरपटत जायचा आणि अंधारात बोटांनी आटे चाचपत पुन्हा बसवायचा. एकदा इतक्या जवळ स्फोट झाला की त्याच्या डाव्या कानात जी शिट्टी वाजू लागली ती अजून वाजते. पण दवाखान्याचं पाणी त्यानं तुटू दिलं नाही.

बसवाल्यानं काय केलं, तर शाळेची पिवळी बस घेतली, काचांच्या जागी गाद्या बांधल्या आणि दवाखान्यातले पेशंट पुलापर्यंत पोचवायला सुरुवात केली. अडलेल्या बायका, भाजलेली मुलं, हातपाय गेलेली माणसं. पुलावर मदतपथकाच्या गाड्या त्यांना पुढे सुरक्षित जागी न्यायच्या. वाटेतला सरळ रस्ता टेकडीवरून तळहातासारखा दिसायचा. तिथून बस न्यायची म्हणजे मरणाच्या दारावरून घंटा वाजवत जाण्यासारखंच होतं. तो रोज जायचा, आणि जाताना गाणी म्हणायचा.

लढाई संपली. भोकं पडलेल्या पिवळ्या बसचा फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत आला. पाइप तर जमिनीखाली होता. जमिनीखालच्या गोष्टीचा फोटो कोण काढणार? मोठ्या डॉक्टरांनी नळवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं होतं, “तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.” आणि मग ते विसरले.

त्या संध्याकाळी बायकोनं त्याला धुतलेला सदरा घालायला लावला आणि बहिणीच्या घरी नेलं. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बसवाला मध्यभागी उभा राहून सांगत होता, “अहो, मी काही केलं नाही हो. मी आपली गाडी चालवत होतो.”

हेच तर मी म्हणतोय, नळवाला मनात म्हणाला.

“दादा आले, दादा आले,” म्हणत बसवाल्यानं त्याला ओढून पुढे घेतलं. “हे माझे साडू.”

एका अनोळखी बाईनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. “नशीबवान आहात हं,” ती म्हणाली. “घरातच असा माणूस.”

नळवाला हसला. ते हसू त्याला दात काढून घेतल्यासारखं दुखलं. परतताना बायको म्हणाली, “एवढं काय तोंड कडू करताय? आपल्याच माणसाचं झालंय ना चांगलं?”

“मी कुठे काय म्हणालो?”

“तेच तर. एक शब्द नाही म्हणालात.”

पुढे काही दिवसांनी एक तरुण अधिकारी बाई नळवाल्याच्या दुकानात आली. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत जुन्या तोट्या, वाकलेले पाइप आणि वॉशरचे डबे. बाईला सर्दी झाली होती, सारखी रुमाल नाकाला लावत होती. पदक देण्याआधी चौकशी करायची रीत असते, ती म्हणाली. नातेवाइकांशी, शेजाऱ्यांशी बोलावं लागतं. पदकाला तीन दर्जे असतात, यांचं नाव सध्या तिसऱ्यात आहे. साडू स्वभावानं कसे, दारू पितात का, लढाईत कुणाकडून पैसे घेतले का, असं तिनं एकेक विचारलं. नळवाल्यानं खरं ते सांगितलं. स्वभाव चांगला. पीत नाही. पैसे घेतले नाहीत.

तो एका प्रश्नाची वाट पाहत होता. आणि तुम्ही हो, तुम्ही त्या वेळी काय करत होतात? एवढंच तिनं विचारायला हवं होतं. त्यानं तर उगाच डावा कानही चोळून दाखवला.

“बरंय,” बाई उठत म्हणाली. “आणखी काही सांगण्यासारखं?”

तेव्हा नळवाल्याच्या तोंडून ते गेलं.

“त्यानं त्यांचीही माणसं आणली होती बसमधून,” तो म्हणाला. “पलीकडची. दोन शिपाई, अंगावर गणवेश होता. पुलाजवळच्या खड्ड्यात जखमी होऊन पडले होते. आपल्या दवाखान्यात आणलं त्यानं, मागच्या दारानं.”

बाई पुन्हा खाली बसली. त्या शहरात तेव्हा असं घर सापडणं कठीण होतं, जिथलं कोणी लढाईत मेलेलं नव्हतं. पलीकडच्यांचं नाव काढलं तरी लोक थुंकायचे. आपण काय बोललो आणि त्याचं काय होणार, हे नळवाल्याला पक्कं माहीत होतं.

“त्यांना आणलं म्हणून आपला कोणी पेशंट मागे राहिला का?” बाईनं विचारलं.

इथे नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. पण उभ्या जन्मात त्यानं गळका जोड चांगला आहे म्हणून कुणाच्या गळ्यात मारला नव्हता.

“नाही,” तो म्हणाला. “पुलावरून येताना बस रिकामीच असायची.”

“हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाली, शिंकली आणि निघून गेली.

ती गेल्यावर त्याला मोठं बरं वाटलं. दुपारच्या जेवणापर्यंत ते टिकलं. मग घास गिळवेना. शेवटी त्यानं बायकोला सांगून टाकलं.

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “का सांगितलंत?”

“खरं होतं म्हणून.”

“माझ्या आत्याला मिशा होत्या, हेही खरंच आहे. ते नाही कधी कुणाला सांगत फिरलात.”

पुढचे कित्येक दिवस साडूच्या घरात पदकाची काही खबर आली नाही. मेव्हणी दोनदा येऊन बहिणीजवळ रडून गेली. कोणीतरी काहीतरी कागाळी केली असणार, ती म्हणाली. नळवाला त्या वेळी मागच्या खोलीत उगाचच डबे लावत बसला होता. भीती वाटत होती, लाजही वाटत होती, पण खोल कुठेतरी एक बारीकसा, हलकट आनंदही होता, आणि त्या आनंदाला तो मनातल्या मनात गप्प बस, गप्प बस म्हणत होता.

मग एके सकाळी बसवाला दुकानात शिरला आणि काही न बोलता त्यानं नळवाल्याला मिठी मारली. हातात पाइप होता तो मध्ये अडकला.

“पहिल्या दर्जाचं,” बसवाला म्हणाला. “तिसऱ्या नव्हे दादा, पहिल्या दर्जाचं पदक देणार. तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळे?”

“तुम्ही त्या पोरांचं सांगितलंत ना त्यांना. ती बाई म्हणाली, समितीत त्यावरच सगळं फिरलं. जो माणूस शत्रूचा जखमीही उचलतो त्याला तिसरा दर्जा द्यायचा, तर पहिला ठेवायचा कुणासाठी, असं म्हणाले म्हणे.” तो तोट्यांच्या डब्यावर बसला. “इतकी वर्षं पोटात होतं हो. बायकोलाही सांगितलं नव्हतं. वाटायचं, कळलं तर लोक दारात उभं करणार नाहीत. माझी तर जीभ कधी उचललीच नसती. तुम्ही बोललात. फार हलकं वाटतंय, दादा.”

दुसऱ्यासाठी खड्डा खणावा आणि त्याला गोड पाणी लागावं, तसं झालं होतं. नळवाल्याला खाली बसावंसं वाटलं, पण डब्यावर साडू बसला होता.

समारंभ नगरभवनात झाला. नातेवाइकांना पहिली रांग. नळवाला नव्या बुटांत पाय आवळून बसला होता. व्यासपीठावरच्या साहेबांनी पदकाचं कारण वाचायला घेतलं: पिवळी बस, अडलेल्या बायका, लहान मुलं. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या आणि प्रत्येक टाळी नळवाल्याच्या शिट्टी वाजणाऱ्या कानात टोचत होती. मग साहेबांनी पलीकडच्या दोन शिपायांचं वाचलं.

टाळ्या थांबल्या. मागे कुजबुज सुरू झाली. मग कोपऱ्यावरचा खाटीक उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ पुलावर मारला गेला होता. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, “माझ्या भावाला ह्याच लोकांनी मारलं. आणि ह्यानं त्यांना आमच्या पोरांच्या बसमधून आणलं.” 

आणि तो चालू लागला. त्याच्यामागे खुर्च्या सरकू लागल्या. एक रांग उठली, दुसरी उठली. व्यासपीठावर बसवाला हात लोंबकळत सोडून उभा होता. मुडद्यालाही हसवेल असा तो माणूस, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

नळवाल्यानं किती वर्षं हेच मनात रंगवलं होतं. साडू चारचौघांत उघडा पडलाय, त्याला काही सुचत नाहीये, आणि आपण समोर बसून पाहतोय. आता ते डोळ्यांसमोर होतं आणि त्याला ते पाहवेना. ह्या माणसाला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन, असं त्याला वाटलं. मी त्याचा साडू आहे. हे कोण?

तो उठून मागे वळला.

“त्या दोघांना पाणी मी पाजलं,” तो म्हणाला.

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. दारापर्यंत गेलेले लोक थांबले.

“दवाखान्याच्या मागच्या दाराशी मी पाइप जोडत होतो. बस आली. एकाला गिळताही येत नव्हतं, तर कापूस भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. विशीच्या आतला होता. ह्यानं आणलं आणि मी पाणी दिलं. बोलायचं तर मलाही बोला.”

मागून कोणीतरी म्हणालं, “का हो, तुम्हालाही पदक पाहिजे का?” 

काही लोक हसले. नळवाल्याची कानशिलं तापली, कारण विचारणाऱ्यानं नेमकं बोट ठेवलं होतं. सगळ्या शहराच्या शिव्यासुद्धा एकट्या साडूला मिळाव्यात, हेदेखील त्याला सहन झालं नव्हतं. त्यातही त्याला आपला वाटा हवा होता.

“हो,” तो म्हणाला. “पाहिजे होतं.”

आता कोणी हसलं नाही. खाटीक त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि निघून गेला. त्याच्याबरोबर बरेच गेले. पण बरेच परत बसलेही. निवृत्त शिक्षिकेनं टाळी वाजवायला सुरुवात केली आणि उरलेल्या निम्म्या सभागृहात पदक लावलं गेलं. बायकोनं नळवाल्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि तो हात कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही.

पदक मिळालं, नोकरी गेली. मुलांच्या आईवडिलांनी गलका केला तेव्हा शाळेनं बसवाल्याला “तुम्ही जरा विश्रांती घ्या” म्हणून घरी बसवलं. नळवाल्याचीही गिऱ्हाइकं तुटली, पण तुटली तशी हळूहळू परत आली. गळका नळ माणसाला फार दिवस देशभक्ती करू देत नाही. बसचं तसं नव्हतं. मेव्हणी शिवणकाम आणू लागली, बसवाला खिडकीत बसू लागला, नकला बंद झाल्या. एक दिवस नळवाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मला पाइप धरायला माणूस पाहिजे,” तो म्हणाला. “येताना माझी शिडी घेऊन या.”

देशातलं सगळ्यात मोठं पदक मिळालेला माणूस असा नळवाल्याच्या हाताखाली आला. हात त्याचा अगदीच गचाळ. आटे उलटे फिरवायचा, वॉशर हरवायचा. एका दुपारी एका बांधकामावर दोघं भिंतीला टेकून डबे सोडून बसले होते, तेव्हा नळवाल्याला राहवलं नाही.

“मी त्या बाईला तुमचं चांगलं व्हावं म्हणून सांगितलं नव्हतं,” तो डब्याकडे पाहत म्हणाला. “तुमचं पदक जावं म्हणून सांगितलं.”

बसवाला चावत राहिला. “माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. दादा, तुम्ही माझं चांगलं आपणहून कधी कुणाला सांगितलंय का?”

“मग मिठी कसली मारलीत?”

“झालं ते चांगलंच झालं ना पण. आणि त्या बाईनं हेही सांगितलं होतं की, आपला कोणी मागे राहिला का विचारल्यावर तुम्ही थोडा वेळ घेतलात, पण नाही म्हणालात.” त्यानं आपल्या डब्यातला घास नळवाल्याच्या डब्यात ठेवला. “तेवढं मला पुरे होतं.”

नळवाला त्या घासाकडे बघत बसला. आता मोठ्या मनातसुद्धा हा माणूस पुढे निघून गेला, असं त्याला वाटलं, आणि त्याचा जीव पुन्हा जळला. पण भूक लागली होती, म्हणून त्यानं तो घास खाल्ला.

खाटीक आजही दोघांशी बोलत नाही आणि त्याला कोणी दोषही देत नाही. बाकीच्या शहरानं मात्र या जोडीची सवय करून घेतली. काम नळवाला करतो, गप्पा बसवाला मारतो. घराघरांतून आधी चहा बसवाल्याला मिळतो, कारण नळवाला कुठेतरी वाकलेला असतो. मागच्या महिन्यात बसवाला आजारी पडला. त्या दिवशी नळवाला एकटाच कामावर गेला, तर जो दार उघडेल तो त्याच्या खांद्यावरून मागे बघायचा. “आज ते नाही आले?” एकीनं तर सरळ सांगितलं, “मग उद्याच या ना दोघं. तशी काही घाई नाही.”

संध्याकाळी तो तणतणत साडूच्या घरी गेला. म्हटलं, बघू तरी किती ताप आहे. तर खोली माणसांनी भरलेली. तापालासुद्धा याला गर्दी. पलंगावरून बसवाल्यानं त्याला पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “सरका रे जरा. दादांना बसू द्या.”

लोक सरकले. जागा झाली ती नेमकी उशाशी, औषधाच्या बाटलीजवळ, जिथे बसलं की दर थोड्या वेळानं चमचा भरून द्यायचं काम आपल्याकडे येतं. नळवाल्याला तेही आवडलं नाही. तो बसला आणि बाटलीचं बूच उघडू लागला.